पणरावांनी बसवलेलं दार

पणराव हे नाव त्यांना त्यांच्या आईनं ठेवलं, आणि तेही वैतागून. मुलगा बोलायला लागला तेव्हा घरात कोण आनंद झाला होता. मग हळूहळू लक्षात आलं, की ह्याला काही सांगितलं तर हा नाही म्हणत नाही, हट्ट करत नाही, रडत तर मुळीच नाही. नुसतं "हो" म्हणतो आणि पुढं "पण" लावतो. आंघोळीला चल म्हटलं, तर हो, पण काल केली होती. बहिणीला चेंडू दे म्हटलं, तर हो, पण तिला झेलता कुठं येतो. एकदा बहिणीनं बोचकारलं म्हणून आई तिला रागे भरली, तर हाच डोळे पुसत पुढं आला आणि म्हणाला, की तिनं बोचकारलं खरं, पण आधी मी तिची वेणी ओढली होती. आपल्याच विरुद्ध साक्ष देणारं असं पोर त्या माउलीनं कुठं पाहिलं नव्हतं. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "हा एक तर वकील होईल, नाहीतर उपाशी राहील."

पुढं ते वकील झाले, आणि पहिली काही वर्षं आईची दोन्ही भाकितं जोडीनं खरी होत राहिली.

त्यांची वकिली सुरू झाली ती कोर्टाच्या व्हरांड्यात. एका खांबाला टेकून टेबल, टेबलाचा एक पाय आखूड, त्याच्याखाली कुठल्यातरी संपलेल्या खटल्याच्या कागदांची घडी. नावाची पाटी खांबाच्या खिळ्याला. अशिलानं बसायचं ते पायरीवर. वारा सुटला की अर्ज उडायचे, आणि मग वकील, अशील आणि कधीकधी समोरच्या पक्षाचा माणूसही त्यांच्यामागं धावायचा. पाण्याचा नळ तिथंच बाजूला. त्यामुळं कुणी बाई नवऱ्याची तक्रार कानात सांगायला आली, की पाणी प्यायला आलेले चारजण पेला हातात धरून थांबायचे, आणि "पुढं काय झालं" असं विचारायचे. एकानं तर पणरावांच्या आधी सल्ला देऊन टाकला, आणि वाईट ह्याचं की तो बरोबर निघाला.

दोन्ही बाजू दिसणं हा वकिलाच्या धंद्यात मोठा रोग. एका शेजाऱ्यानं दुसऱ्याच्या कोंबड्यावर दावा लावला होता, की हा पहाटे नको त्या वेळी आरवतो आणि माझी झोप मोडतो. पणराव झोप मोडलेल्याच्या बाजूनं उभे होते. त्यांनी झोपेचं असं वर्णन केलं की कोर्टातले दोघे-तिघे पेंगायला लागले. पण मग त्यांना कोंबड्याची बाजूही दिसायला लागली. त्याला घड्याळ कोण देणार, तो त्याचं काम करतो, वगैरे. शेवटी न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही नक्की कुणाचे?" पणराव म्हणाले, की मी ह्यांचाच, पण कोंबड्याचंही ऐकायला हवं. दोन्ही शेजारी हसले, हसता हसता त्यांची तडजोड झाली, आणि खुराडं परसात उलट्या बाजूला गेलं. अशी कितीतरी भांडणं त्यांनी अशीच मिटवली. भांडणं मिटवणारा वकील म्हणजे स्वतःच्याच ताटातलं वाढून देणारा माणूस, असं इतर वकील म्हणत.

तरी नाव झालं. खूप दिवसांनी त्यांना बाजारपेठेत एक खोली मिळाली. खोली म्हणजे काय, उभा राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. पण तिला दार होतं. पहिल्या दिवशी पणरावांनी ते दार इतक्यांदा उघडलं आणि लावलं, की समोरच्या शिंप्याला वाटलं बिजागरी बिघडलीय. अशील आत आला की ते मुद्दाम उठून दार लावायचे आणि "आता बोला" असं म्हणायचे. त्या दाराचा त्यांना इतका मोह पडला, की व्हरांड्यातले दिवस ते साफ विसरून गेले. हे विसरणं पुढं किती महागात पडणार होतं, हे त्यांना तेव्हा कोण सांगणार.

दाराबरोबर किल्ली आली, आणि किल्लीबरोबर किल्लीवाला.

पणराव किल्ल्या विसरण्यात कुणाला हार जाणारे नव्हते. ऑफिसची किल्ली घरी, घराची ऑफिसात, आणि दोन्ही एकदम कोर्टात. त्यांच्या खोलीच्याच पलीकडं एक तीन मजली इमारत होती. तिच्या जिन्याखालच्या तिरक्या जागेत एक किल्लीवाला बसायचा. एक बाकडं, किल्ली घट्ट धरायला एक शेगडा, खिळ्यांना लटकणाऱ्या किल्ल्यांच्या माळा, आणि उभं राहायला जागा नाही म्हणून सगळा जन्म वाकून काढलेला. त्या पेठेत असं एक घर नव्हतं की ज्याचं कुलूप त्यानं कधी उघडलं नसेल. पण त्याची एक रीत होती. कुलूप उघडलं, कडी सरकली, की दार ढकलायच्या आधी तो पाठ फिरवायचा आणि रस्त्याकडं बघत उभा राहायचा. आत काय आहे ते बघायचं नाही. पणरावांच्या बायकोनं एकदा विचारलं, की दादा, आत फार तर पसारा दिसेल, त्यात काय. तो म्हणाला, "वहिनी, कुलूप उघडणं माझं काम. घर तुमचं."

आता ह्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पणराव अर्धेच. उद्याचा खटला आज घरात चालायचा, ही त्यांची पद्धत. बायको स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मटार सोलायची किंवा लसूण निवडायची, म्हणजे ती न्यायाधीश. पणराव आधी आपली बाजू मांडायचे, मग गॅसच्या पलीकडं जाऊन समोरच्याची. फोडणी करपायला आली की कोर्ट तहकूब. ती फार बोलायची नाही. "मुद्दा बरा आहे, लांबलाय" किंवा "हे तुम्हाला तरी पटलंय का" एवढंच. तिच्या कोर्टात हरलेला खटला त्यांनी बाहेर कधी जिंकला नाही. तिचं म्हणणं असं, की सोललेल्या मटारावरून मला कळतं. जास्त सोलून झाले, म्हणजे भाषण कंटाळवाणं होतं.

मग कुणाच्यातरी डोक्यात आलं, की एवढा भला माणूस विधानसभेत हवा. लोकांनी त्यांना उभं केलं, आणि गंमत म्हणजे निवडूनही दिलं. समोरचा उमेदवार सभेत इतकं खोटं बोलायचा, की पणरावांचं "होईल, पण वेळ लागेल" हे लोकांना थंड पाण्यासारखं वाटलं.

विधानसभेत त्यांच्या समोरच्या बाकावर एक आमदार बसायचा. शेजारच्या मतदारसंघातला, विरोधी पक्षाचा, आणि आवाज असा की माईक बंद पडला तर त्यालाच कळायचं नाही. सगळे त्याला भोंगा म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. भोंगा आणि पणराव यांचं सभागृहात हाडवैर आणि कँटीनमध्ये एकच टेबल. पणराव बोलायला उठले की भोंगा मोठ्यानं "पण" म्हणून ओरडायचा, सभागृह हसायचं, आणि पणरावांचा पहिला मुद्दा त्यातच वाया जायचा. पणरावांची फजिती हे भोंग्याचं औषध होतं. दिवसातून एकदा मिळालं नाही तर त्याला अन्न गोड लागायचं नाही.

पणरावांनी आमदारकीत एकच कायदा केला. लहान दुकानदारांचा. एखादा माणूस वर्षानुवर्षं एका जागी बसून धंदा करतोय, गिऱ्हाईक तिथं बांधलंय, तर मालकाला एक दिवस लहर आली म्हणून त्याला उठवता येणार नाही, जवळपास दुसरी जागा द्यावी लागेल, असा तो कायदा. चांगला होता. त्यासाठी ते दारोदार फिरले होते, स्टुलासमोर तो चाळीस वेळा मांडला होता, बायकोनं त्यापायी पोतंभर मटार सोलले होते.

समितीत शेवटच्या दिवशी भोंगा अडून बसला. दुकान कशाला म्हणायचं ते आधी ठरवा, म्हणाला. उद्या झाडाखाली उभा राहून पेनं विकणारा म्हणेल झाडही माझं. सकाळपासून हाच घोळ चालला होता. जेवणाची वेळ टळली, चहा गार झाला, पणरावांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. शेवटी भोंगा म्हणाला, की बाबा, दुकानाला निदान दार तरी असावं, एवढं लिहा आणि सुटा. पणरावांच्या डोळ्यांसमोर आलं ते त्यांचं स्वतःचं ते बाजारपेठेतलं लाडकं दार. दार तर असतंच, असं त्यांना वाटलं. आणि ते म्हणाले, "हो."

नुसतं हो. पुढं काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते उपाशीपोटी.

कायदा झाला. पेठेत त्यांची मिरवणूक निघाली, शिंप्यानं हार घातला. किल्लीवाला जिन्याखालून वाकून बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, की साहेब, आता आम्हाला कुणी उठवणार नाही. पणरावांची छाती फुगली. दोघांपैकी एकाच्याही मनात दाराचा विचार आला नाही.

पुढच्या निवडणुकीत पणराव पडले. सभेत कुणीतरी रस्त्याचं विचारलं. ते म्हणाले, की रस्ता करीन, पण तो कुणाच्यातरी अंगणातून जाणार, आणि अंगणवाल्याचंही ऐकायला हवं. अंगणवाल्यानंही मत दिलं नाही आणि रस्तेवाल्यांनीही नाही. घरी आल्यावर बायकोनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, की आता स्टूल धुऊन ठेवते, पुन्हा लागेल.

स्टूल लागलं, पण उलटं. सरकारला एक न्यायाधीश नेमायचा होता. वरच्या एका जाणत्या माणसानं म्हणे सुचवलं, की ज्याला दोन्ही बाजू दिसतात तो निवडून येत नाही, त्याला न्यायाच्या खुर्चीवर बसवावं. आणि बसवलं. ज्या व्हरांड्यात अर्जांमागं धावले, त्याच कोर्टात पणरावांना पट्टेवाला पुढं होऊन वाट मोकळी करून द्यायला लागला. आता त्यांनी बोलायचं नव्हतं, ऐकायचं होतं. पहिले काही महिने फार जड गेले. तोंडातला "पण" ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचे, आणि दिवसभरात टेबलावरचा पाण्याचा जग रिकामा व्हायचा. घरी मात्र अदलाबदल झाली. आता पणराव स्टुलावर बसायचे आणि लसूण सोलायचे, आणि बायको पोळ्या लाटता लाटता दोन्ही बाजू मांडायची. कोर्टात जे उघड मांडलं गेलं तेवढंच ते तिला सांगत, आतलं काही नाही. तरी तिची तयारी अशी, की त्यांनी म्हणावं, तू परीक्षा दिली असतीस तर मी घरी लसूण सोलत असतो. ती म्हणायची, आत्ता काय करताय मग.

असं सगळं छान चाललेलं असताना एका सकाळी त्यांच्यासमोर दावा आला. वादी, तीन मजली इमारतीचा मालक. प्रतिवादी, जिन्याखालचा किल्लीवाला.

मालक काही दुष्ट माणूस नव्हता. त्याची अडचण म्हणजे त्याचा जावई. लग्नानंतर पाहुणा म्हणून आला तो राहिलाच. दिवसभर सोफ्यावर पाय पसरून बसायचा आणि सासऱ्याला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायचा. ह्याला काहीतरी धंद्याला लावावं, निदान सोफा तरी मोकळा होईल, ह्या आशेनं मालकाला जिन्याखाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान काढून द्यायचं होतं. म्हणजे एका सोफ्यापायी एका माणसाची सगळ्या जन्माची जागा जायची वेळ आली होती. किल्लीवाल्याला दुसरं येत काहीच नव्हतं. पेठेबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि अनोळखी माणसाला आपल्या घराचं कुलूप उघडायला कोण बोलावतं.

पणरावांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की ह्या गृहस्थानं माझ्या घराचं कुलूप बऱ्याचदा उघडलेलं आहे, तेव्हा दुसऱ्या न्यायाधीशाकडं जायचं असेल तर आत्ताच सांगा. मालक उठून म्हणाला, की माझंही उघडलंय. मालकाचा वकील म्हणाला, माझंही. पट्टेवाल्यानं नुसतं खाली बघितलं. एकूण अडचण अशी, की किल्लीवाल्याचं देणं लागत नाही असा न्यायाधीश त्या गावात मिळणारच नव्हता. तेव्हा तुम्हीच चालवा, असं सगळ्यांनी म्हटलं.

मालकाचा वकील तरुण आणि तल्लख. त्यानं कायदा उघडला आणि ते कलम वाचून दाखवलं. दुकान म्हणजे दार असलेली जागा. जिन्याखाली दार नाही, कधी नव्हतं. म्हणजे ते दुकान नाही. म्हणजे कायद्याचं संरक्षण नाही. एवढं बोलून तो खाली बसला. आपणच लावलेल्या झाडाची फांदी आपल्याच डोक्यात पडावी, तसं पणरावांना झालं.

किल्लीवाल्याची वकील एक मध्यमवयीन बाई होती. ती म्हणाली, की हा कायदा करणाऱ्यांच्या मनात अशाच गरिबांना वाचवायचं होतं, आणि कायदा करणाऱ्याच्या मनात काय होतं हे इथं कुणाला माहीत नसेल तर कुणाला असणार. सगळं कोर्ट पणरावांकडं बघायला लागलं. ते म्हणाले, "माझ्या मनात काय होतं ते इथं चालणार नाही. मी साक्षीदार नाही." आणि समोरच्या जगमधलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

तारीख पडली. पणरावांनी सांगितलं, की निकालाआधी मी जागा डोळ्यांनी बघणार.

ही बातमी पेठेत पसरली, आणि किल्लीवाल्यानं एक काम केलं. न्यायाधीश बघायला गेले तेव्हा जिन्याखालच्या जागेपुढं एक दार उभं होतं. नवं कोरं, हिरवा रंग अजून ओला. भिंत नाही, कुंपण नाही, नुसती चौकट आणि दार, दोन्ही बाजूंनी हवा खेळती. दाराला कुलूप मात्र असं, की बँकेनं हेवा करावा. गिऱ्हाईकं चौकटीच्या बाजूनं ये-जा करत होती. किल्लीवाला आत वाकून बसला होता, आणि पणराव आलेले बघून तो घाईघाईनं उठला, कुलूप काढलं, दार उघडलं, आणि सवयीप्रमाणं पाठ फिरवून उभा राहिला.

मालक बाजूनं आत गेला. त्याचा वकील बाजूनं आत गेला. जावईही आला होता, तो तर आधीच आत जाऊन बाकड्यावर पाय पसरून बसला होता. पणराव क्षणभर थांबले, आणि मान जराशी वाकवून दारातून आत गेले. कोटाला हिरवा रंग लागला.

आत त्यांनी बाकडं बघितलं, किल्ल्यांच्या माळा बघितल्या. वारा आला, बाकड्यावरचा एक कागद उडाला, आणि किल्लीवाला तो धरायला धावला. त्याला धावताना बघून पणरावांना काहीतरी आठवलं. खांब आठवला, आखूड पायाचं टेबल आठवलं, पाण्याचा पेला हातात धरून थांबलेली माणसं आठवली. त्या काळी आपल्यालाही दार नव्हतं. तेव्हा आपल्याला कुणी म्हटलं असतं, की हे ऑफिसच नव्हे, तर आपण त्याला किती ऐकवलं असतं. त्यांनी विचारलं, "हे दार कधी बसवलंत?"

खोटं बोलला असता तर कदाचित खपलं असतं, पण रंग ओला होता आणि माणूस सरळ. "परवा," तो म्हणाला. "तुमच्या कायद्याला लागतं म्हणाले."

त्या दिवशी घरी लसूण सोलला गेला नाही. पणराव स्टुलावर नुसते बसून राहिले. बायकोनं दोन्ही बाजू मांडायच्या आधीच ते म्हणाले, की बाजू मला पाठ आहेत. दावा लागल्यावर बसवलेलं दार धरता येत नाही. कायदा मालकाच्या बाजूनं आहे.

ती म्हणाली, की कायदा तुम्ही केलात, मग तुम्हाला काय म्हणायचं होतं तेच निकालात लिहा.

"अगं, तसं नाही करता येत. सदरा शिवून गिऱ्हाईकाला दिला, की मग शिंप्यानं त्याला रस्त्यात गाठून बाही उसवायची नसते. आता तो गिऱ्हाईकाचा."

तिनं पोळी तव्यावर टाकली. उलटली. मग म्हणाली, "बाही उसवू नका. पण आखूड शिवली, एवढं तरी तोंडानं सांगा."

पणराव म्हणाले, की असं लिहिलं तर सगळं राज्य हसेल. न्यायाधीश स्वतःच्याच कायद्याला नावं ठेवतो म्हणून. आणि इतर हसतील ते सोड, तो भोंगा. त्याच्या हाती हा कागद पडला तर तो सभागृहात उभा राहून पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचेल, अशा आवाजात, की...

इथं ते थांबले. तोंड उघडंच राहिलं. बायकोनं मागं वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरायला लागलं ते तिनं लग्नानंतर एक-दोनदाच पाहिलं होतं. ती म्हणाली, वाचेल खरंच? ते म्हणाले, त्याच्यानं राहवणारच नाही. आणि त्यांनी पुढ्यात लसूण ओढला.

निकालाच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. पणरावांनी स्वतः वाचून दाखवला. कायद्यात दार लिहिलं आहे, जागेला दार नव्हतं, म्हणून दावा मालकाच्या बाजूनं. मालकानं सुस्कारा सोडला, त्याला बहुतेक रिकामा सोफा दिसला असावा. किल्लीवाला खाली बघत होता. पणराव पुढं वाचत राहिले. कायदा पाळणं माझं काम आहे, पण तो चांगला आहे असं म्हणणं माझं काम नाही. दुकानाची ही व्याख्या ज्यानं मान्य केली, त्या आमदाराला त्या दिवशी भूक लागली होती. शिवाय त्याला स्वतःला तोवर दार मिळालं होतं, आणि ज्याला दार मिळतं तो दार नसलेल्यांना विसरतो. हा आमदार वकील म्हणून कित्येक वर्षं उघड्या व्हरांड्यात बसला होता आणि त्याला कुणी उठवलं नव्हतं. अशा विसरभोळ्या माणसाच्या हातात व्याख्या द्यायलाच नको होती. तो आमदार म्हणजे मीच. तरी, धंदा हलवायला वेळ लागतो, म्हणून विधानसभेचं येतं अधिवेशन संपेपर्यंत जागा खाली करायची नाही.

कोर्टात मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळेच. पट्टेवाल्यानं "शांतता" म्हटलं ते स्वतः हसता हसता. एकटा किल्लीवाला हसला नाही. त्यानं विचारलं, "म्हणजे साहेब, जागा गेली ना माझी?"

पणराव म्हणाले, "गेली. पण अजून नाही."

ते दिवस किल्लीवाल्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. माळांमधल्या अर्ध्या किल्ल्या त्यानं काढून डब्यात भरल्या होत्या. पणराव त्या रस्त्यानं जायचं टाळत. घरी मात्र दोन वेळा बातम्या लागायच्या, आणि बायको विचारायची, अजून वाचला नाही? एकदा तर त्यांना भीती वाटली, की भोंगा सुधारला की काय.

भोंगा सुधारला नव्हता, तो फक्त तालीम करत होता. एका दुपारी तो सभागृहात उठला, घसा साफ केला, आणि निकाल वाचायला लागला. जिथं पणरावांनी स्वतःला विसरभोळा म्हटलं होतं, ते वाक्य त्यानं तीनदा वाचलं. भुकेच्या वाक्याला पोटावर हात फिरवून दाखवला. सभागृह हसून हसून वाकडं झालं, अध्यक्षांनी रुमालानं डोळे पुसले. भोंगा रंगात आला, हात उंचावून म्हणाला, की बघा, दुकानाला दार हवं, असं कुणा शहाण्याला सुचलं असेल? मागच्या बाकावरचा एक म्हातारा आमदार, जो सहसा झोपलेला असे, तो डोळे न उघडता म्हणाला, "अहो, ते दार तुम्हीच बसवलंत. मी होतो समितीत. चहा गार झाला होता."

त्यानंतर जे हसू उसळलं त्यात पहिल्यांदाच भोंग्याचा आवाज बुडाला. निकालात भोंग्याचं नाव कुठंच नव्हतं, सगळं खापर पणरावांनी आपल्या डोक्यावर घेतलं होतं, आणि हे त्याला आत्ता, उभ्या उभ्या कळलं. बसावं तर फजिती, उभं राहावं तर फजिती. पण भोंगा झाला तरी जुना माणूस. त्यानं हसू ओसरू दिलं आणि म्हणाला, की बसवलं असेन तर काढतोही मीच. दाराच्या त्या ओळीची दुरुस्ती त्यानंच मांडली, आणि हसण्याच्या भरात कुणाला विरोध करायचं सुचलं नाही. ठरलेल्या जागी बसून जो धंदा करतो त्याची ती जागा दुकान, दार असो वा नसो, आणि ज्याची जागा अजून खाली झालेली नाही त्यालाही हे लागू.

अशी किल्लीवाल्याची जागा राहिली. मालकानं थोडी कुरकुर केली. जावई मात्र तोवर रोज जिन्याखाली यायला लागला होता. किल्लीवाला एकही शब्द बोलत नाही आणि ऐकून घेतो, हे त्याला फार आवडलं. सोफा रिकामा झाला तो झालाच, मग सासऱ्यानंही त्या जागेचा नाद सोडला.

त्या आठवड्यात पणरावांच्या घरी एक तार आल्यासारखा फोन आला. पलीकडून भोंगा एवढंच म्हणाला, "मला भोंग्यासारखं वाजवलंत हो तुम्ही." आणि ठेवून दिला. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं.

पुढं पणराव निवृत्त झाले. एका दुपारी दोघं नवरा-बायको बाहेरून आली, तर किल्ली आत आणि ती दोघं बाहेर. मग गेली जिन्याखाली. हिरवं दार अजून तिथंच होतं, चौकटीसकट, रंग आता उडालेला. काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि लोकांना त्याची सवय झाली होती. दार बंद होतं. आत किल्लीवाला बाकड्यावर बसून जेवत होता, बाजूनं स्वच्छ दिसत होता. पणराव दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी कडी वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी."

"थांबा साहेब, हात धुतो."

बायको म्हणाली, की अहो, उन्हात काय उभे राहता, बाजूनं चला ना आत.

"जाता येईल," पणराव म्हणाले, "पण दार आहे ना." आणि ते उन्हात थांबून राहिले, जेवणाऱ्याकडं पाठ फिरवून, रस्त्याकडं बघत.